अंगठ्याखालचे यंत्र : प्रस्तावना

व्हिडिओ गेम खेळणारे मूल आपल्या हाताकडे बघत नाही. नजर टीव्हीवर खिळलेली असते आणि खाली मांडीवर दोन अंगठे आपले काम करत असतात. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाणाऱ्याला कळफलकाकडे न बघण्याची सवय लागायला महिने जातात. गेमवर बसलेले सात वर्षांचे पोर मात्र पहिल्याच संध्याकाळी चार दिशा आणि चार बटणे न बघता चालवू लागते. त्यात पोराच्या हुशारीचा वाटा आहेच, पण मोठा वाटा त्याच्या हातातल्या वस्तूचा आहे. कोणते बटण कुठे असावे, ते किती उंच असावे, किती खोल दाबले जावे, त्याखालच्या रबराने अंगठा किती जोराने परत ढकलावा, हे सगळे कुणीतरी बसून ठरवलेले असते. ते कसे ठरले हे सांगावे आणि ती वस्तू उघडून तिच्या पोटात काय आहे ते दाखवावे, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

नांदेड-लातूरच्या घरांत ही वस्तू १९९० च्या दशकात आली ती ‘रिमोट’ म्हणून. गेमची कार्ट्रिज म्हणजे ‘कॅसेट’ आणि सगळा संच म्हणजे ‘टीव्ही गेम’. नांदेडच्या वजिराबादेतल्या किंवा लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानातून आणलेला तो संच बहुधा निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असे. खोक्यावर नाव काहीही असो, बटणांची मांडणी तीच. डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशांचे बटण, मध्ये सिलेक्ट आणि स्टार्ट, उजवीकडे बी आणि ए. नकला करणाऱ्यांनी प्लास्टिक हलके वापरले, वायर बारीक वापरली, पण मांडणीला हात लावला नाही. त्यामुळे निन्टेंडोच्या क्योटोत ठरलेली रचना, मूळ यंत्र कधीही न पाहिलेल्या मराठवाड्यातल्या मुलांच्या अंगठ्यांना जशीच्या तशी मिळाली. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खोचायची, चॅनेल फिरवत चित्र पकडायचे आणि सतरंजीवर बसायचे. त्या संचात खेळ साठवून ठेवायची सोय नसे. भारनियमनात लाइट गेली की कॉन्ट्रा हा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

या वस्तूकडे आपल्याकडे अभ्यासाच्या नजरेने फारसे कुणी पाहिले नाही, त्याला कारणही आहे. दहावी-बारावीच्या निकालांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातुरात, आणि त्याच वाटेने पुढे गेलेल्या नांदेडात, व्हिडिओ गेम म्हणजे अभ्यासाचा शत्रू. परीक्षा जवळ आली की रिमोट माळ्यावर जातो. पालकांची ती काळजी मला समजते, आणि मुलांनी किती वेळ खेळावे हा वाद मी इथे घालणार नाही. माझे म्हणणे त्या वस्तूपुरते आहे. डिजिटल सर्किट, सेन्सर, प्लास्टिक आणि रबराची निवड, माणसाच्या हाताची मापे, उत्पादनाचा खर्च हे सगळे विषय तळहाताएवढ्या एका डबीत एकत्र भेटतात. ती बंद पडलेली असेल तर शिकणाऱ्याला फुकटही मिळते. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही.

गोष्ट सुरू करायची तर दांड्यापासून करावी लागते. १९७७ च्या अटारी यंत्राबरोबर आलेला जॉयस्टिक म्हणजे चौकोनी ठोकळ्यावर उभा दांडा आणि कोपऱ्यात एकच बटण. एका हाताने ठोकळा घट्ट धरायचा, दुसऱ्याने दांडा ओढायचा. सगळा जोर मनगटावर येई. या दांड्याला पर्याय काढला तो गुनपेई योकोई यांनी. ते १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले तेव्हा कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवत असे आणि योकोईंचे काम होते तिथल्या यंत्रांची देखभाल. हा देखभालीचा माणूस पुढे कंपनीची खेळणी बनवू लागला. नवेकोरे महाग तंत्र घेऊ नये, जुने, स्वस्त झालेले, ज्याच्या खोडी माहीत आहेत असे तंत्र घ्यावे आणि त्याचा भलताच उपयोग शोधावा, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. कॅल्क्युलेटरचे पडदे स्वस्त झाले तेव्हा त्यांतून त्यांनी गेम अँड वॉच हे खिशात मावणारे खेळ काढले. १९८२ मध्ये त्यातल्या डाँकी काँगच्या खेळाला चारही दिशा हव्या होत्या, आणि खिशातल्या यंत्रावर उभा दांडा बसवणे शक्य नव्हते. योकोईंनी चार दिशा एका क्रॉसमध्ये जोडल्या.

हा क्रॉस हातात घेऊन बघण्यासारखा आहे. त्याच्या मधोमध खालच्या बाजूला एक उंचवटा असतो आणि त्या टेकूवर सगळा क्रॉस डोलतो. डावी बाजू दाबली की उजवी आपोआप वर उचलली जाते, त्यामुळे दोन विरुद्ध दिशा एकाच वेळी लागत नाहीत. गेम लिहिणाऱ्याला ‘एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे’ असा अशक्य आदेश मिळण्याची भीती त्या एका टेकूने संपवली. अंगठा न उचलता एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर सरकतो. क्रॉसच्या कडा कातडीला लागतात आणि आपण कुठे आहोत हे डोळ्यांना न विचारता कळते. जास्तीचा एकही भाग न वाढवता इतके प्रश्न सोडवणारी रचना मी इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात फार थोडी पाहिली आहे.

१५ जुलै १९८३ ला जपानात फॅमिकॉम बाजारात आला तेव्हा हाच क्रॉस त्याच्या रिमोटवर होता. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखालच्या तुकडीने आधी जॉयस्टिकचा विचार करून पाहिला होता. पण जपानी घरांत मुले जमिनीवर बसून खेळतात, यंत्र जमिनीवरच पडलेले असते, येता-जाता कुणाचा पाय दांड्यावर पडला तर तो मोडणार, ही शंका आडवी आली. त्यांच्यातल्या एका अभियंत्याने गेम अँड वॉचचा क्रॉस जोडून पाहिला आणि प्रश्न मिटला. आपल्याकडच्या घरांत ही रचना इतकी सहज रुजली याचे एक कारण मला इथे दिसते. आपणही जमिनीवर बसणारी माणसे. सोफ्यावर बसून खेळणाऱ्यांसाठी केलेली वस्तू सतरंजीवर इतकी टिकली नसती.

त्याच फॅमिकॉमची दुसरी हकिकत रचनेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. पहिल्या काही यंत्रांवरची ए आणि बी बटणे चौकोनी होती, मऊ रबराची. खेळता खेळता बटणाचा कोपरा भोकाच्या काठाखाली अडके आणि बटण दाबलेलेच राही. लवकरच ती बदलून कडक प्लास्टिकची गोल बटणे आली. गोल बटण कसेही तिरके दाबले तरी अडकायला कोपराच नसतो. नकला झाल्या त्या या सुधारलेल्या रिमोटच्या, म्हणून आपल्या वाट्याला गोल बटणेच आली.

आता आत शिरू. मागचे स्क्रू काढले की पाठ सुटते. आत सर्किटची हिरवी किंवा तपकिरी पट्टी, तिच्यावर रबराचे पांघरूण आणि त्यावर बटणे. रबरावर प्रत्येक बटणाखाली एक छोटा घुमट असतो आणि घुमटाच्या आतल्या बाजूला कार्बनची काळी टिकली. पट्टीवर बरोबर त्या जागी तांब्याच्या दोन रेघा कंगव्यासारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, पण भिडवलेल्या नसतात. बटण दाबले की घुमट बसतो, कार्बन दोन्ही रेघांना टेकतो आणि वीज वाहते. सोडले की रबर स्वतःच वर येते. स्प्रिंग नाही, धातूचा स्विच नाही. टीव्हीचा रिमोट आणि कॅल्क्युलेटर याच तत्त्वावर चालतात, पण तिथे दिवसातून काही वेळा दाबायचे असते. इथे मिनिटाला शंभर वेळा दाबायचे. म्हणून घुमटाची जाडी आणि उंची यांना महत्त्व येते. घुमट फार जाड असेल तर अंगठा भरून येतो. फार पातळ असेल तर बटण दाबल्याचे जाणवत नाही आणि घुमट चिरतो.

दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या जुन्या रिमोटच्या तक्रारी बहुतेक इथल्याच असतात. ‘जंप होत नाही’, ‘लेफ्ट जात नाही’. घामाचा आणि तेलाचा थर कार्बनवर बसतो आणि उन्हाळ्यातली धूळ त्याला चिकटते. स्पिरिटच्या बोळ्याने टिकल्या पुसायच्या, तांब्याच्या रेघांवरून साधे खोडरबर फिरवायचे, काम होते. टिकलीचा कार्बनच झिजला असेल तर पेन्सिलचे शिसे घासून काही दिवस निभावते, पण तो उपाय टिकाऊ नाही. ब्लेडने खरवडायची सवय मात्र मोडावी. खरवडल्यावर उरलेला कार्बनही जातो.

दुसरी तक्रार वायरची. मुले ओढतात आणि वायर डबीतून बाहेर पडते त्या वळणावरच आतून तुटते. वायर कापून पुन्हा जोडायला बसलेल्या विद्यार्थ्याला मी नेहमी एक प्रश्न विचारतो. बटणे आठ आहेत आणि तारा पाच. त्यातल्या दोन तर विजेच्या, एक पाच व्होल्टची आणि एक ग्राउंडची. मग उरलेल्या तीन तारांवरून आठ बटणांची खबर टीव्हीखालच्या डब्यापर्यंत जाते कशी?

उत्तर आहे शिफ्ट रजिस्टर. मूळ रिमोटमध्ये ४०२१ क्रमांकाची आठ बिटांची चिप असते. स्वस्त नकलांमध्ये तिच्या जागी काळ्या इपॉक्सीचा थेंब दिसतो, पण त्याखालची चिप तेच काम करते. प्रत्येक बटण चिपच्या एका पायाला जोडलेले असते. बटण दाबलेले नसताना रेझिस्टर त्या पायाला पाच व्होल्टला धरून ठेवतो. दाबले की पाय ग्राउंडला जातो. आपल्या पॅल पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा कन्सोल, म्हणजे टीव्हीखालचा तो डबा, पहिल्या तारेवरून इशारा पाठवतो. या इशाऱ्याला लॅच म्हणतात. तो येताच चिप आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती एकदम टिपून घेते. मग दुसऱ्या तारेवरून क्लॉकचे ठोके येऊ लागतात आणि दर ठोक्याला तिसऱ्या तारेवर एकेका बटणाची खबर पुढे सरकते. क्रम ठरलेला असतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावी, उजवी. पदविकेला ‘डिजिटल टेक्निक्स’ विषयात शिफ्ट रजिस्टर शिकवतात, विद्यार्थी फळ्यावरच्या आकृतीवरून त्याची सत्यता सारणी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. तेच रजिस्टर लहानपणी आपल्या हातात होते आणि कॉन्ट्रामधली प्रत्येक उडी त्यातून गेली होती, हे कळल्यावर त्यांचे चेहरे बदलतात. आठ दिवे, एक ब्रेडबोर्ड आणि जुना रिमोट घेतला तर हा प्रयोग एका दुपारी होतो. पुस्तकात तो सविस्तर दिला आहे. तुटलेल्या वायरीच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. प्रत्येक नकलेत रंग वेगळे असतात, मल्टीमीटरने सातत्य तपासूनच तार ओळखावी.

१९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये बटणे बारा झाली, पण चिपच्या मागे दुसरी चिप जोडली की भागते, म्हणून कामाच्या तारा पाचच राहिल्या. वरच्या कडेला तर्जनीसाठी दोन बटणे त्याच रिमोटवर पहिल्यांदा आली आणि तोवर डबी नुसती धरून बसलेली बोटेही कामाला लागली.

मूळ रिमोटवर नसलेली एक भर आपल्या नकलांवर होती, ती म्हणजे टर्बो बटणे. आत लहानसा ऑसिलेटर असतो. बटण नुसते दाबून धरले तरी तो सेकंदाला अनेकदा चालू-बंद करतो आणि गोळ्यांची सर सुटते. बदकांच्या खेळाबरोबर येणारी बंदूकही पुष्कळांना आठवत असेल. ती गोळी सोडत नसे, प्रकाश बघत असे. घोडा ओढताच क्षणभर पडदा काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीतल्या सेन्सरला तो दिसला तर नेम बरोबर. हे सगळे जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेले होते. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र उमटायला लागणारा उशीर आणि उमटण्याची पद्धत दोन्ही वेगळी, म्हणून जुनी बंदूक तिथे चालत नाही. ती बिघडलेली नसते.

सोनीचे प्लेस्टेशन जपानात डिसेंबर १९९४ मध्ये आले. त्याच्या रिमोटचे, म्हणजे कंट्रोलरचे, रचनाकार तेइयू गोतो. डबीच्या खाली तळहातात बसणाऱ्या दोन मुठी त्यांनी काढल्या. चपट्या रिमोटची सवय असलेल्या लोकांना हे रुचणार नाही असे कंपनीतल्या वरिष्ठांना वाटत होते, पण अध्यक्ष नोरिओ ओहगा त्यांच्या बाजूने उभे राहिले. मुठींमुळे वजन बोटांऐवजी तळहातावर आले आणि अंगठे मोकळे झाले. बटणांवर अक्षरांऐवजी चिन्हे द्यायचे गोतोंनीच ठरवले. त्रिकोण म्हणजे बघण्याची दिशा, चौकोन म्हणजे कागद, वर्तुळ म्हणजे होय आणि फुली म्हणजे नाही. युरोप-अमेरिकेतल्या खेळांनी मात्र फुलीलाच ‘होय’ केले आणि आपल्याकडे तीच पद्धत आली. वहीतल्या चुकीच्या उत्तरावर मास्तरांची फुली बघत वाढलेले आपले मूल गेममध्ये मात्र ‘होय’ म्हणायला फुली दाबते आणि त्याला अडखळायला होत नाही. चिन्हाचा अर्थ वाचण्याआधीच अंगठ्याला जागा पाठ झालेली असते. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ च्या वेळी सोनीने जपानातही फुलीच ‘होय’साठी ठरवली.

प्लेस्टेशन २ ने जगभर सुमारे १६ कोटी यंत्रांची विक्री गाठली. आपल्याकडे ते घरापेक्षा तासाच्या भाड्याने चालणाऱ्या गेम पार्लरमधून जास्त हातांपर्यंत पोहोचले. पार्लरमधला कंट्रोलर दिवसभर या हातातून त्या हातात फिरतो. तो उघडून पाहिला की रचनेतला कोणता भाग आधी हार मानतो हे प्रयोगशाळेतल्या चाचणीइतकेच स्पष्ट दिसते. तो भाग म्हणजे ॲनालॉग स्टिक.

स्टिक समजून घेतल्याशिवाय आजचा कंट्रोलर समजत नाही, म्हणून पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग तिला दिला आहे. क्रॉस फक्त होय किंवा नाही सांगतो. स्टिक ‘किती’ हे सांगते. हलकेच ढकलली तर खेळाडू चालतो, पूर्ण ढकलली तर धावतो. तिच्या दोन बाजूंना काटकोनात दोन पोटेन्शियोमीटर बसवलेले असतात. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण ज्याने चालते, तोच हा भाग. स्टिक हलली की आतला पातळ धातूचा हात कार्बनच्या पट्टीवरून सरकतो, व्होल्टेज बदलते, चिप त्याचा आकडा करते. प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक कंट्रोलरमध्ये हा आकडा ० ते २५५ असतो आणि स्टिक मोकळी असताना तो मध्यावर, १२८ च्या आसपास यायला हवा. अगदी नेमका कधीच येत नाही, म्हणून मध्याभोवतीची थोडी जागा गेम दुर्लक्षित करतो. तिला डेड झोन म्हणतात.

झीज सुरू होते ती याच मध्याभोवती, कारण स्टिक हजारो वेळा तिथे परत येते. कार्बन घासला जातो, त्याची भुकटी तिथेच साठते, वरून धूळ बसते. मग हात न लावताही पडद्यावरचा माणूस हळूहळू एका बाजूला चालू लागतो. या खोडीला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. जगातल्या मोठ्या कंपन्यांचे महाग कंट्रोलरही तिच्यातून सुटलेले नाहीत आणि निन्टेंडोला तर आपल्या जॉय-कॉन या कंट्रोलरच्या ड्रिफ्टवरून अमेरिकेत खटल्यांना तोंड द्यावे लागले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्यावर काही आठवडे बरे वाटते. पक्का उपाय म्हणजे अख्खी स्टिक बदलणे. तिला सोल्डरचे साधारण १४ टाके असतात. दोन पोटेन्शियोमीटरचे सहा, खाली दाबायच्या स्विचचे चार आणि आधाराच्या पायांचे चार. हे १४ टाके सर्किटच्या पट्टीचे तांबे न उखडता काढणे ही सोल्डरिंगची खरी परीक्षा आहे. घाईने ओढाल तर तांबे स्टिकबरोबरच येईल.

घासणारा भागच नको, हा उत्तम उपाय फार आधीपासून माहीत होता. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारे सेन्सर चुंबकाची जागा न शिवता ओळखतात. १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या स्टिकमध्ये ते होते. पण मोठ्या कंपन्यांनी स्वस्त पोटेन्शियोमीटरची वाट धरली, आणि ती निवड मला चुकीची वाटते. काही रुपयांच्या बचतीसाठी ठरावीक काळाने निकामी होणारा भाग हातात देणे ही रचनेतली उणीवच आहे. आता बदली म्हणून हॉल सेन्सरच्या स्टिक सुट्या मिळतात. नांदेडच्या रस्त्यांवर धावणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या ॲक्सिलरेटरमध्येही हाच सेन्सर असतो. कंट्रोलर दुरुस्त करायला शिकलेल्या मुलाला स्कूटरची मूठ परकी वाटणार नाही.

कंपनाबद्दल थोडक्यात. दोन मुठींत दोन मोटारी असतात, त्यांच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेले वजन असते. डावीकडची मोठी मोटार संथ हादरा देते, उजवीकडची लहान बारीक थरथर. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये, २०२० मध्ये, या मोटारींच्या जागी स्पीकरच्या तत्त्वावर चालणारे भाग आले आणि तर्जनीखालच्या ट्रिगरमागे छोटी मोटार व स्क्रूचे दाते. गेम सांगेल तसा ट्रिगर कडक होतो. धनुष्याची दोरी ताणल्यासारखा प्रतिकार बोटाला जाणवतो. हे काम सुंदर आहे, पण बिघडायच्या जागाही त्यामुळे वाढल्या आहेत.

मुठींचा आकार कुणाच्या हातावर बेतायचा, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स २००१ मध्ये आला तेव्हा त्याचा कंट्रोलर इतका मोठा होता की जपानसाठी वेगळा लहान बनवावा लागला, आणि शेवटी तो लहानच सगळीकडे नेहमीचा झाला. आपल्या हातांची मापे उपलब्ध आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीयांच्या शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हाताची मापेही त्यात आहेत. आपल्या वर्गातल्या मुलामुलींचे अंगठे, तळहात आणि मुठी मोजाव्यात, त्या ग्रंथाशी ताडून बघाव्यात आणि मग बाजारातला कंट्रोलर हातात घ्यावा. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या चमूने ‘राजी’ हा भारतीय कथेचा खेळ २०२० मध्ये कन्सोलवर आणला. खेळ आपण बनवू शकतो हे त्याने दाखवले. तो खेळायचा हातातला भागही इथे घडायला हवा.

सगळे हात सारखे नसतात, हे या क्षेत्राला फार उशिरा उमगले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्यावर दोन मोठ्या गोल थाळ्या आहेत आणि मागच्या कडेला ३.५ मिलिमीटरची १९ छिद्रे, आपल्या मोबाइलच्या इअरफोनची असतात तशीच. प्रत्येक छिद्र म्हणजे एक बटण. तिथे पायाने, कोपराने किंवा हनुवटीने दाबायचा कोणताही स्विच जोडता येतो. त्याचे खोकेही बोटांचा जोर न लावता उघडेल असे केले आहे. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. हे संच आपल्याकडच्या सामान्य घराला परवडणारे नाहीत. पण त्यांना लागणारा स्विच, म्हणजे एक मोठे बटण, एक जॅक आणि मीटरभर वायर, आयटीआयचा विद्यार्थी सहज बनवू शकतो. तोच स्विच विजेवरच्या खेळण्याला किंवा घंटेलाही जोडता येतो. या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे.

आज आपल्या भागातली बहुसंख्य मुले फोनवर खेळतात. फोनची काच सपाट असते, अंगठ्याला कड लागत नाही, म्हणून नजर सारखी खाली बोटांकडे जाते आणि बोटे पडद्याचा कोपराही झाकतात. ब्लूटूथने फोनला जोडायचे कंट्रोलर म्हणूनच खपतात. खेळाबाहेरही ही रचना गेली आहे. अमेरिकी नौदलाच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुड्यांत पेरिस्कोपच्या जागी आलेले कॅमेरे एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरने फिरवतात. इतक्या दूर जायचीही गरज नाही. २०२३ च्या अखेरीस केंद्राने मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले. सोयाबीन किंवा तुरीच्या शेतावर ड्रोन उडवणाऱ्या बाईच्या हातातल्या रिमोटवरही दोन स्टिक असतात, आणि तिची नजर आकाशात असते. तो रिमोट बिघडला तर ऐन हंगामात तो दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न आपल्या तालुक्यांपुढे आहे.

सुट्या भागांसाठी नांदेडची माणसे पूर्वीपासून हैदराबादच्या कोठीतल्या गुजराती गल्लीकडे जातात. पुण्याची बुधवार पेठ आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोडही आहेतच, पण रेल्वेने हैदराबाद जवळ. भाग आणणे अवघड नाही. भाग ओळखता येणे आणि तो का बिघडला हे सांगता येणे, इथे आपण कमी पडतो. हे ज्ञान मराठीत आले तर दुकानात हाताखाली काम करणारा मुलगाही ते वाचू शकेल. पदविकेच्या शिक्षणालाही आता मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय आहे, म्हणून मी बटण, स्टिक, सोल्डर, लॅच, क्लॉक हे कामातले शब्द तसेच ठेवले आहेत आणि स्पष्टीकरण मराठीत केले आहे.

वाचकांना दोन सूचना. बिनवायरी कंट्रोलर उघडला की सगळ्यात आधी लिथियम बॅटरीची पिन काढा. बॅटरीला हत्याराचे टोक लागले तर ती पेटू शकते. आणि प्रत्येक थर काढण्याआधी फोनवर फोटो घ्या, कारण ट्रिगरच्या बारीक स्प्रिंगा उडाल्या की त्यांची जागा आठवत नाही.

विष्णुपुरीचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थान १९८१ पासून उभे आहे. लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. त्यांच्या प्रयोगशाळांना महागडे संच घेण्याआधी जुने, बंद पडलेले कंट्रोलर भरपूर हवे आहेत. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा दुकानाच्या खोक्यात असा एखादा रिमोट असेल तर तो भंगारात देऊ नका. जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये नेऊन द्या, आणि घरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारे मूल असेल तर स्क्रूड्रायव्हरसह आधी त्याच्याच हातात द्या.